वाचकांचे प्रश्न : पेशींना वेळेवर मरता यायला हवं

गेल्या अंकात ल्युपसवर, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या शरीरावर उलटते त्या आजारावर, एका वाचकाला मी चार ओळींचं उत्तर दिलं होतं. त्यात ‘या आजारात पेशीमरणाच्या जनुकांची गडबड असते’ असं एक वाक्य होतं. त्या एका वाक्यावर सोलापुरातून इतकी पत्रं आली की हा सगळा महिना त्याच विषयाला द्यावा लागतोय. मी इथे चाळीस वर्षं पॅथॉलॉजीचं काम केलं. म्हणजे माणसांपेक्षा त्यांचं रक्त, लघवी आणि काचेवरच्या पेशी जास्त पाहिल्या. उत्तरं त्या अनुभवातून देते आहे. औषधांचा शेवटचा शब्द अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा.

माझ्या मोठ्या मुलीला, वय 22, सहा महिन्यांपूर्वी ल्युपस निघाला. आधी गालांवर लाली, मग बोटांचे सांधे, आता लघवीतून प्रोटीन जातंय. रिपोर्ट बघताना डॉक्टर म्हणाले की यात पेशी मरण्याच्या जनुकांचा संबंध असतो. तेव्हापासून घरात सगळे म्हणतात, हे आईकडून आलं. धाकटीचं लग्न ठरवायचंय. खरंच माझ्यामुळे झालं का?
*– एक आई, साखर पेठ*

ताई, तुमच्यामुळे झालेलं नाही. बाकीचं पुढे सविस्तर लिहिते, पण एवढं वाक्य आधी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

तुमचं पत्र वाचून मला 1984 सालातली एक सकाळ आठवली. मी नोकरीत नवीन होते. ल्युपस ओळखायला आजच्यासारखी एएनएची, म्हणजे केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) रक्तात शोधायची तपासणी तेव्हा आमच्याकडे नव्हती, एलई सेल नावाची तपासणी करायचो. रुग्णाचं रक्त गोठू द्यायचं, दोन तास 37 अंशांवर इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं, मग ती गुठळी तारेच्या बारीक जाळीवर घासून गाळायची, ट्यूब मशीनवर फिरवायची, वर साचलेला पांढरा थर काचेवर पसरायचा आणि लिशमनच्या रंगात रंगवून मायक्रोस्कोपखाली धरायचा. मग शोधत बसायचं. कधी अर्धा तास, कधी दोन तास. आणि मधूनच एखादी पांढरी पेशी अशी दिसायची की तिच्या पोटात एक मोठा, गुळगुळीत, जांभळट गोळा आहे आणि तिचं स्वतःचं केंद्रक त्या गोळ्याने दाबून पार काठाला नेलंय. सापाने बेडूक गिळल्यावर त्याचं पोट दिसतं ना, तसं. तो गोळा म्हणजे दुसऱ्या, मेलेल्या पेशीचं केंद्रक. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्हज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1948 साली ही पेशी पहिल्यांदा नोंदवली.

त्या सकाळी जिच्या रक्तात ती पेशी सापडली ती मुलगी एकोणीस वर्षांची होती. आई विड्या वळायची. बाहेर बाकावर बसली होती, हाताला तंबाखूचा वास, मांडीवर रिकामी पिशवी. मला पेशी सापडल्याचा आनंद झाला होता, हे आज लिहितानाही जड जातं. तिने विचारलं, “कशानं झालंय ओ बाई हे?” आणि मी घाईत बोलून गेले, “असतं काही काही आनुवंशिक, रक्तातून येतं.” सहा महिन्यांनी मुलगी तपासणीला आली ती मावशीबरोबर. आईला नवऱ्याने माहेरी धाडलं होतं, ‘तुझ्या रक्तानं पोरीचं वाटोळं केलं’ म्हणून. मी पत्ता शोधून त्यांच्या घरी गेले, नवऱ्याला समोर बसवून समजावलं, त्या परत नांदायला आल्या. पण ते सहा महिने त्या माउलीने काय सोसलं असेल ते तिलाच ठाऊक. म्हणून, ताई, तुमच्या पत्राला मी सगळ्यात जास्त जागा देते आहे.

आता जनुकांचं बघू. आपल्या अंगात रोज अब्जावधी पेशी मरतात, आणि त्या मरायलाच हव्यात. 1972 साली केर, वायली आणि करी या तिघांनी या शिस्तीच्या मरणाला ॲपॉप्टोसिस असं नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. फांदी ओरबाडली तर साल निघते, चीक गळतो. पानगळीत मात्र झाड स्वतःच देठाशी पान सोडून देतं, जखम राहत नाही. पेशीही तशीच मरते. आधी आवळून घेते, आतला डीएनए कापते, स्वतःच्या लहान लहान पुरचुंड्या बांधते आणि ‘मला उचला’ अशी खूण बाहेरच्या अंगाला लावून ठेवते. शेजारच्या भक्षक पेशी येतात आणि ती पुरचुंडी गिळून टाकतात. सूज नाही, ताप नाही, आपल्याला पत्ताही लागत नाही.

हे सगळं ज्या सूचनांवर चालतं त्या सूचना म्हणजे पेशीमरणाची जनुकं. कुणी मरायचा हुकूम देतं, कुणी कापायचं काम करतं, कुणी उचलायचं. यातल्या कुठल्याही टप्प्यावर ढिलाई आली तर त्रास होऊ शकतो. प्रतिकारशक्तीच्या ज्या पेशी चुकून आपल्याच शरीराला शत्रू समजायला लागतात त्यांना शरीर एरवी तिथल्या तिथे मरायला लावतं. तो हुकूम पाळला गेला नाही तर त्या जगतात, वाढतात. पण ल्युपसमध्ये मला जास्त महत्त्वाची वाटते ती उचलण्याची गोष्ट. मे महिन्यात दोन दिवस घंटागाडी आली नाही तर गल्लीचं काय होतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. न उचललेली पुरचुंडी फुटते, आतला डीएनए आणि केंद्रकातली प्रथिनं बाहेर सांडतात. एरवी कधी नजरेला न पडणारा हा माल उघड्यावर दिसला की प्रतिकारशक्तीला तो विषाणूसारखा वाटतो आणि ती त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवायला लागते. तुमच्या मुलीच्या रिपोर्टमध्ये ‘अँटी-डीएसडीएनए’ असं जे लिहिलंय ते हेच. ही प्रतिपिंडं आणि तो सांडलेला माल एकमेकांना चिकटून किडनीच्या गाळणीत अडकतात, गाळणी सुजते आणि प्रोटीन लघवीतून गळायला लागतं. 1984 साली मी काचेवर जो जांभळा गोळा बघत होते तो हाच सांडलेला माल, प्रतिपिंडाने माखलेला. एवढं मोठं कोडं डोळ्यांसमोर होतं आणि मला त्या वेळी फक्त ‘पॉझिटिव्ह’ लिहिता आलं.

मग जनुक कुणाचं? काही मोजक्या घराण्यांत एकच जनुक पुरतं. सी1क्यू नावाचं प्रथिन मेलेल्या पेशींना चिकटून त्या उचलायला मदत करतं. ज्यांच्यात ते जन्मापासून अजिबात नसतं त्यांच्यातल्या 90 टक्क्यांहून जास्त जणांना ल्युपस किंवा तसाच आजार होतो. पण अशी माणसं सगळ्या जगात फार विरळा सापडतात. 2011 साली सौदी अरेबियातल्या काही कुटुंबांत सांडलेला डीएनए कापणारं डीएनेझ1एल3 हे जनुकच बंद असल्याचं आढळलं, तिथे भावंडांना लहानपणीच ल्युपस होत होता. 2022 मध्ये स्पेनमधल्या एका मुलीत टीएलआर7 या एकाच जनुकातल्या बदलामुळे ल्युपस झाल्याचं दाखवलं गेलं.

तुमच्या मुलीसारख्या, विशीत आजार सुरू होणाऱ्या बहुतेक मुलींचं असं नसतं. त्यांच्यात शंभराहून जास्त जनुकांपैकी काहींत बारीक बारीक फरक असतात, एकेकटा काहीच न करणारा. अर्धे आईकडून येतात, अर्धे वडिलांकडून. तुमच्या जावांकडे, नणंदांकडे, माझ्याकडेही त्यातले काही असणारच. त्यांच्यावर ऊन, एखादा विषाणू, स्त्रीचे हार्मोन, दोन एक्स गुणसूत्रं असं काय काय येऊन पडतं तेव्हा आजार उभा राहतो. ल्युपसच्या दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात, ते काही आयांनी ठरवलेलं नाही. 1992 च्या एका अमेरिकी पाहणीत एकसारख्या जुळ्या भावंडांपैकी एकाला ल्युपस असेल तर दुसऱ्याला असण्याचं प्रमाण 24 टक्के निघालं. जनुकं सगळी तीच, तरी चारातल्या तिघांना आजार नाही. वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांत ते फक्त 2 टक्के होतं, आणि सख्खी बहीण जनुकांच्या हिशेबाने त्यांच्यासारखीच.

म्हणजे धाकटीला धोका शेजारच्या मुलीपेक्षा जास्त, तरीही बहुतेक करून तिला हा आजार होणार नाही. तिला काही त्रास नसेल तर तिची एएनए करत बसू नका. चांगल्या धडधाकट माणसांतही ती कधी कधी पॉझिटिव्ह येते आणि मग लग्नाच्या बोलण्यात एक कागद विनाकारण मध्ये येतो. महिनाभर सांधे दुखले, तोंडात फोड येत राहिले, केस मूठमूठ गळले, लघवीला फेस आला तर मात्र दाखवा. आणि मोठीचं लग्नही होऊ शकतं. आजार सहा महिने शांत असावा, दिवस राहण्याआधी अँटी-रो हे बाळापर्यंत पोचू शकणारं प्रतिपिंड तपासून घ्यावं आणि संधिवाततज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांचं लक्ष असावं, म्हणजे मूलही सुखरूप होतं. मी अशी बाळं पाहिली आहेत. त्या एकोणीस वर्षांच्या मुलीला पुढे दोन झाली.

मी एम. एस्सी. बायोटेक्नॉलॉजीला आहे. पुस्तकात आहे की फास जनुक बिघडलेल्या उंदरांना ल्युपस होतो. मग ल्युपसच्या रुग्णांतही फास बिघडलेलं असतं का? सरांनी ‘हो’ सांगितलं, पण मला कुठेच तसं सापडत नाही.
*– एक विद्यार्थिनी, सोलापूर*

तू बरोबर जागी अडली आहेस. उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते ‘नाही’ फार शिकवणारं आहे.

फास हा पेशीच्या अंगावरचा एक रेणू. मराठी माणसाला लक्षात ठेवायला सोपा, कारण तो खरोखरच गळफासाचं काम करतो. बाहेरून फास लायगंड हा त्याचा जोडीदार रेणू येऊन त्याला पकडतो, आत कॅस्पेज-8 हे प्रथिनं कापणारं विकर जागं होतं, ते पुढच्या कॅस्पेजना जागं करतं आणि पेशी आवरायला घेते. अमेरिकेतल्या मेन राज्यात जॅक्सन लॅबोरेटरीमध्ये एमआरएल वाणाच्या उंदरांत आपोआप घडलेला एक बदल सापडला, त्याचं नाव एलपीआर. या उंदरांच्या गाठी प्रचंड फुगतात, रक्तात डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं येतात, किडन्या जातात आणि ते तरुणपणीच मरतात. 1992 साली जपानमध्ये शिगेकाझू नागाता यांच्या गटाने दाखवलं की तो बदल फासमध्येच आहे. 1994 मध्ये तसाच आजार असलेल्या जीएलडी उंदरांत फास लायगंड बिघडलेला निघाला. कुलूपही सापडलं, किल्लीही सापडली. साहजिकच सगळ्यांना वाटलं, ल्युपसचं मूळ हाती लागलं.

माणसांत शोध घेतला तेव्हा 1995 साली अमेरिकेतल्या आणि पॅरिसमधल्या गटांना फासचा बिघाड सापडला खरा, पण तो ल्युपसच्या रुग्णांत नव्हे. लहानपणापासून मानेत, काखेत गाठी, मोठी प्लीहा आणि स्वतःच्याच रक्तपेशी मारणारी प्रतिपिंडं असलेल्या मुलांत सापडला. अशा मुलांचं वर्णन कॅनाले आणि स्मिथ यांनी 1967 मध्येच करून ठेवलं होतं. या आजाराला आज एएलपीएस म्हणतात. 1996 मध्ये 75 ल्युपस रुग्णांत फास लायगंड तपासला तेव्हा एकाच रुग्णात बिघाड निघाला, आणि त्यालाही गाठींचा त्रास होताच.

यात दोन गोष्टी नीट बघ. एएलपीएसमध्ये बहुतेक वेळा फासची एकच प्रत बिघडलेली असते, तरी आजार होतो. कारण फासचे रेणू तिघे एकत्र येऊन काम करतात. तिवईचा एक पाय मोडका असला की बाकीचे दोन चांगले असून उपयोग नाही. आणि तोच बिघाड असलेले आईवडील पुष्कळदा ठणठणीत असतात. दुसरं, तोच एलपीआर बदल बी6 वाणाच्या उंदरांत नेला तर आजार फार सौम्य होतो, किडनी बहुधा वाचते. म्हणजे एमआरएल उंदराला ल्युपस फक्त फासमुळे होत नव्हता. त्याच्या बाकीच्या जनुकांनी आधीच जमीन तयार करून ठेवली होती. आपल्याकडच्या रुग्णांत मुख्यतः ती जमीन असते. पाठ्यपुस्तकं हे वाक्य गाळतात आणि मुलं वर्षानुवर्षं उंदराचा आजार माणसाला लावत बसतात.

मरण अडवणारी बाजूही वाच. मेलबर्नमध्ये 1991 साली उंदरांच्या बी पेशींत, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींत, बीसीएल-2 हे मरण रोखणारं जनुक जास्त प्रमाणात चालू ठेवलं तर त्यांना ल्युपससारखा किडनीचा आजार झाला. 1999 मध्ये त्याच शहरातल्या गटाने बीसीएल-2 ला आवरणारं बिम हे जनुक काढून टाकलं, तरी तसंच झालं.

तू लिहिलंस की प्रॅक्टिकलला मरणाऱ्या पेशींचा डीएनए जेलवर चालवला आणि शिडी आली. सुमारे 180 बेसजोड्यांच्या पटीत पायऱ्या असतील. डीएनए हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, कांडीवर सूत गुंडाळावं तसा. मरताना दोन कांड्यांच्या मधला मोकळा धागा कापला जातो, म्हणून पायऱ्या ठरावीक मापाच्या पडतात. ल्युपसमधली पुष्कळ प्रतिपिंडं नेमकी त्या सूत गुंडाळलेल्या कांडीलाच ओळखतात. तुझ्या जेलवरची सगळ्यात खालची पायरी म्हणजे या आजाराचं निशाण आहे. जेलचा फोटो वहीत चिकटवून ठेव.

मला हाशिमोटो थायरॉइड आहे, बहिणीला संधिवात, आता भाचीला ल्युपस. हे सगळं एकाच झाडाचं आहे का?
*– निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर*

बाई, जमीन एक आहे, झाडं वेगळी. प्रतिकारशक्ती आवरणारी काही जनुकं या सगळ्या आजारांत पुन्हा पुन्हा दिसतात. टीएनएफएआयपी3 हे त्यातलं एक. ते ए20 नावाचं प्रथिन बनवतं, आणि ते प्रथिन दाह आणि पेशीचं मरण दोन्हींवर हात ठेवून असतं. त्यातले बारीक फरक ल्युपस, संधिवात आणि सोरायसिस तिन्हींत सापडलेत. युरोपातल्या लोकांत गाजलेला पीटीपीएन22 मधला बदल मात्र आशियात विरळा आहे. परदेशी लेख वाचून त्याची काळजी करू नका.

मरणाची तऱ्हा मात्र प्रत्येक आजारात निराळी. तुमच्या गळ्यातल्या ग्रंथीच्या पेशी जगायला हव्या होत्या, त्या मारल्या गेल्या. लहान मुलांच्या मधुमेहात स्वादुपिंडातल्या इन्सुलिनच्या पेशींचं तेच होतं. बहिणीच्या सांध्यात उलट आहे. सांध्याच्या अस्तरातल्या पेशी मरायला तयार नसतात, अस्तर जाड होत जातं आणि हाडाला कुरतडतं. भाचीच्या बाबतीत मेलेल्या पेशी उचलल्या जात नाहीत. म्हणून तुमची गोळी तिला चालत नाही आणि तिची तुम्हाला. हे मुद्दाम लिहिते, कारण एकाच घरात औषधाच्या पट्ट्या वाटून घेतलेल्या मी पाहिल्या आहेत.

एका लॅबचा माणूस घरी आला होता. सगळ्या घराची ‘ऑटोइम्यून जीन टेस्ट’ करून घ्या म्हणतो, पॅकेज आहे. करावी का?
*– एक वाचक, होटगी रोड*

नको. बारीक बारीक फरकांची यादी हातात येईल, उपचार तसूभरही बदलणार नाही. जनुकांची तपासणी कुठे करावी तर ल्युपस पाचव्या वर्षाआधीच सुरू झाला असेल, दोन भावंडांना असेल, लहान मुलाच्या गाठी महिनोन्‌महिने उतरत नसतील, किंवा मामा-भाचीसारख्या जवळच्या नात्यातल्या लग्नातून झालेल्या मुलाला इतक्या लहानपणी असा आजार आला असेल. तीही घरी आलेल्या माणसाकडून नव्हे, तज्ज्ञ डॉक्टरांनी लिहून दिल्यावर. गाठी असलेल्या मुलाची तपासणी तर जरूर करावी. एएलपीएस निघाला तर त्याला सिरोलिमससारखं औषध चांगलं लागू पडतं, आणि पुढे लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा, धोका असल्यामुळे लक्षही ठेवावं लागतं.

इतकं समजलंय तर आपल्याच शरीरावर उलटणाऱ्या पेशींना मारायचं औषध का नाही?
*– एक वाचक, विजापूर रोड*

आहे, आणि तुम्हीआम्ही ते कितीतरी वर्षांपासून वापरतोय. स्टिरॉइड जे काम करतं त्यातलं एक म्हणजे लिम्फोसाइट या प्रतिकारशक्तीच्या पेशींना मरायला लावणं. 2011 साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं बेलिमुमॅब हे औषध बी पेशींना जिवंत ठेवणारा बाफ हा रेणूच अडवतं, म्हणजे त्यांची रसद तोडतं. आणि जर्मनीतल्या एर्लांगेन शहरात वीस वर्षांच्या एका तरुणीला कार-टी पेशी दिल्या, तिच्याच टी पेशी बाहेर काढून, बी पेशींना मारायला शिकवून परत सोडल्या. हे 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्या वर्षी त्याच गटाने पाच रुग्णांची हकीकत दिली, पाचही जणांचा आजार औषधांशिवाय शांत झाला होता. भारतात कार-टीला 2023 मध्ये मान्यता मिळाली ती रक्ताच्या कर्करोगासाठी. मला यातून खूप आशा वाटते. पण ज्यांच्या हातात आज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या ल्युपसच्या नेहमीच्या गोळीची पट्टी आहे त्यांनी जर्मनीची वाट बघत ती बाजूला ठेवू नये.

माझ्या बायकोला तीन वर्षं ल्युपस आहे. डॉक्टर म्हणतात ऊन टाळा. सोलापुरात राहून ऊन कसं टाळायचं ओ मॅडम? तिला गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेत, देवाच्या लग्नाच्या अक्षतेला जायचंय, दोन वर्षं गेली नाही, रडते. आणि आता बरं आहे तर गोळी बंद केली तर चालेल का?
*– यंत्रमाग कामगार, अशोक चौक*

दादा, आधी उन्हाचं कारण सांगते, म्हणजे पाळायला सोपं जाईल. उन्हातले अतिनील किरण कातडीच्या पेशी मारतात. तुमच्याही मारतात, पण तुमच्या उचलल्या जातात. 1994 साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये कातडीच्या पेशींवर हे किरण सोडून बघितलं. मरताना पेशीच्या अंगावर बुडबुड्यासारखे फुगे येतात आणि ल्युपसची प्रतिपिंडं ज्यांना पकडतात ती प्रथिनं नेमकी त्या फुग्यांत गोळा होऊन बसलेली दिसली. म्हणजे एक दुपार उन्हात काढली की तुमच्या बायकोच्या कातडीत हजारो पुरचुंड्या एकदम पडतात आणि उचलणारं कुणी पुरेसं नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गालांवर लाली, मग सांधे, मग ताप. फक्त चेहऱ्याचा प्रश्न असता तर डॉक्टरांनी एवढं बजावलं नसतं. ते किडनीला भितात.

टाळायचं कसं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, कारण तुम्ही कापड विणता. तिची ओढणी उजेडासमोर धरून बघा. बोटं दिसली तर त्यातून ऊनही जातंय. घट्ट विणीचं, गडद रंगाचं सुती कापड घ्या, बाह्या मनगटापर्यंत, टॉवेल डोक्यावरून कानापर्यंत. सकाळी दहा ते चार बाहेर जायचं काम काढू नका. ढगाळ दिवशीही हे किरण येतात, खिडकीच्या काचेतूनही काही येतात, त्यामुळे ती खिडकीशी बसून शिवण करत असेल तर मशीन हलवा. सनस्क्रीन एसपीएफ 30 च्या वरचं, उघड्या अंगाला, दर दोन-तीन तासांनी. परवडत नसेल तर आधी कापडावर खर्च करा. ताकद वाढवायच्या म्हणून मिळणाऱ्या अल्फाल्फाच्या गोळ्या घरात आणू नका. अल्फाल्फा म्हणजे जनावरांचा लसूणघास, त्याने ल्युपस उसळल्याची उदाहरणं आहेत. शेंगा चटणी, भाकरी, डाळ सगळं खाऊ द्या.

गोळी बंद करायची नाही. तिला बरं वाटतंय ते त्या गोळीमुळे. सांडलेल्या डीएनएला बघून पेशींच्या आत जी आरोळी उठते ती हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दाबून धरतं. मात्रा दर किलो वजनाला दिवसाला 5 मिलिग्रॅमच्या आत हवी, म्हणून दरवेळी वजन करून सांगा. डोळ्यांचा पडदा पहिल्या वर्षात एकदा तपासा आणि पाच वर्षं झाली की दरवर्षी. लघवी दर तीन महिन्यांनी, त्रास नसला तरी. किडनी दुखत नाही, त्यामुळे आतून बिघडलेलं कळत नाही. मी तपासलेल्या कित्येक नमुन्यांवर ‘प्रोटीन तीन प्लस’ लिहिलं आणि समोरची बाई म्हणायची, मला तर काहीच होत नाही.

राहिला गड्डा. संमती कट्ट्यावरची अक्षता दिवसा, उघड्यावर, हजारो माणसांत तासन्‌तास उभं राहून असते. जानेवारीतलं ऊन कोवळं वाटलं तरी आपल्याकडचं ते ऊन आहे. त्यापेक्षा जत्रेतल्या मिरवणुकीचे नंदीध्वज होम मैदानावर येतात त्या रात्री तिला घेऊन जा. अक्षता तुम्ही बाराबंदीच्या पदरात बांधून आणा आणि संध्याकाळी तिच्या हातात द्या. तिला सांगा, डॉक्टरबाईंनी रात्री जायला परवानगी दिली आहे, स्वेटर मात्र घालायचा.